चिलापी आणि गायब बांबू

जीपच्या पुढच्या सीटवर चिलापी बसला होता आणि उतरायला तयार नव्हता.

"धम्मा, तुझ्या कुत्र्याला सांग, ही शीट माझी हाय!" भूषण ओरडला.

"तूच सांग की! त्याला मराठी कळतं," धम्मदीपा मागच्या बाकावरून म्हणाली.

भूषणनं सांगून पाहिलं. चिलापीनं जांभई दिली आणि काचेबाहेर बघायला लागला.

अभयमामा वर्षभर याच जीपमधून मुळशीच्या पोरांना शाळेत पोचवायचा. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणजे जीपलाही सुट्टी. यंदा मामानं शब्द दिला होता, "पोरांनो, समुद्र दावतो तुमाला!" ताम्हिणी घाट उतरायचा, माणगाव, म्हसळा करत समुद्र गाठायचा आणि मग किनाऱ्याकिनाऱ्यानं जमेल तितकं दक्षिणेला जायचं. नववीत जाणारी धम्मदीपा, तिचा धाकटा भाऊ बुद्धभूषण आणि शेजारची मोनिका, या तिघांनीही आजवर पाणी पाहिलं होतं ते मुळशी धरणाचंच.

"पण कुत्रं कशाला?" मामानं शेवटचा प्रयत्न केला.

"तो न्हाई, तर मी पण न्हाई," धम्मदीपा म्हणाली. मामानं गपचूप किल्ली फिरवली.

चिलापी पिल्लू असताना फुलाबाईच्या जाळ्यात सापडला होता. फुलाबाई धरणावर मासे धरायची. त्या दिवशी तिनं जाळं ओढलं, तर चिलापी माशांच्या ढिगात हे तपकिरी पिल्लू गुरफटलेलं. "ह्यो बघा आणखी येक चिलापी!" ती म्हणाली आणि तेच नाव पडलं. पुढे तो धम्मदीपाकडे आला, पण त्याआधी फुलाबाईनं त्याला दोन कामं शिकवली. जाळ्याच्या दोराला तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधलेल्या असत. तो दोर तोंडात धरून काठाला आणायचा, हे पहिलं. आणि काठावर मासे पसरले की मधोमध बसून कावळे हाकलायचे, हे दुसरं. मात्र ज्याचे मासे, तो "घे" म्हणेपर्यंत एकाही माशाला तोंड लावायचं नाही! मोनिकानं एकदा त्याच्या नाकासमोर मासा धरून बराच वेळ वाट पाहिली होती. चिलापीची लाळ गळत राहिली, पण तोंड उघडलं नाही.

घाटात भूषणला उलटी झाली, चिलापीला नाही. मग पुढची सीट आपोआपच चिलापीकडे राहिली.

दुपार कलताना सुरवळी गाव आलं. सुरूच्या झाडांमधून जीप बाहेर पडली आणि समोर समुद्र आला.

"ह्याला पलीकडचा काठच न्हाई!" मोनिका म्हणाली.

मामानं मुळशीचा माणूस जे करेल तेच केलं. धरणावर उन्हाळ्यात पाणी रोज थोडं थोडं मागं सरकतं, म्हणून गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची. त्यानं जीप ओल्या घट्ट वाळूवर पाण्याजवळ उभी केली आणि सगळे लाटांत धावले. पहिल्याच मोठ्या लाटेनं मोनिकाची एक चप्पल नेली.

"ओ जीपवाले! गाडी काढा! भरती येतेय!" वरून एक बाई हात हलवत ओरडत होती.

"पाणी लांब हाय की, मावशी!" मामा हसून म्हणाला.

त्याचं हसू संपेपर्यंत पाणी चाकांना लागलं होतं. मामानं घाईनं गाडी मागं घेतली, तशी मागची चाकं वाळूत घुसली.

आता मात्र मुळशीची पोरं कामाची होती. रुतलेल्या गाड्या त्यांनी कितीतरी पाहिल्या होत्या. दर रविवारी शहरातली माणसं धरणाच्या गाळात गाड्या घालायची, मग पायाखालच्या चटया काढून चाकाखाली घालायची, मग त्या चटया गाळात जायच्या आणि मग ट्रॅक्टर बोलवायला गावात यायची. मामाच्या जीपमध्ये चटया नव्हत्याच. होती ती गोणपाटं. भूषणनं ती चाकाखाली कोंबली, तिघांनी रेटा दिला आणि जीप वर आली.

सुरूच्या सावलीत एक माणूस हे सगळं मोबाइलवर टिपत होता. त्याच्यामागे उंच, पांढरी, चकाचक गाडी उभी होती.

"दादा, इथे असलं खटारं चालत नाही!" तो मामाला म्हणाला. "फोर बाय फोर लागते. उद्या दाखवतो तुम्हाला, बीचवर गाडी कशी चालवतात ते!"

"कौस्तुभ, पुरे," त्याची बायको म्हणाली.

"दाखवा की," धम्मदीपा म्हणाली. "आमी बघू."

ओरडणाऱ्या बाईंचं नाव चंद्राबाई. पाहुण्यांसाठीच्या खोल्याही त्यांच्याच होत्या, त्यामुळे जीप आणि पांढरी गाडी रात्री एकाच अंगणात उभ्या राहिल्या. कौस्तुभ आणि त्याची बायको दिशा पुण्याजवळच्या महाळुंग्याहून आले होते, नव्या टॉवरमधून. अंगणाच्या पलीकडे वाळूवर चंद्राबाईंची वलांडी होती. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना ताणून बांधलेल्या निळ्या दोऱ्या. त्यांवर बोंबील वाळत घातले होते. दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या केलेल्या.

"पावसाळ्यात दर्या बंद. तेव्हा आमचं घर यावर चालतं," चंद्राबाई म्हणाल्या. मग मोनिकाच्या पायाकडे बघून हसल्या. "चपलेचं दुःख करू नको गो. दर्या ठेवून घेत नाय काय. परत आणून टाकतो."

सकाळी धम्मदीपाला जाग आली ती आरडाओरड्यानं.

ती धावत बाहेर आली. वलांडी आडवी झाली होती. बोंबील वाळूत माखून पडले होते, कितीतरी चिरडून गेले होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, कान टवकारून, चिलापी बसला होता.

"हाच तो!" कौस्तुभ सांगत होता. "मी स्वतः पाहिलं. दोरी तोंडात धरून ओढत होता. सगळं पाडलं यानंच!"

चंद्राबाई वाळूत बसून एकेक बोंबील झटकून बघत होत्या. ते बघवत नव्हतं. त्यांचे दीर विश्रामकाका कोळीवाड्याचे प्रमुख. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"एकदा चटक लागली की कुत्रा पुन्हा येणार. आज ह्यांची, उद्या दुसऱ्याची वलांडी. संध्याकाळच्या तरीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, घाला आणि खाडीपलीकडे सोडून या त्याला."

"त्यानं खाल्लंच न्हाई काही!" धम्मदीपा मध्ये घुसली. "बघा ना! एक तरी बोंबील अर्धवट खाल्लेला दिसतोय? 'घे' म्हटल्याशिवाय तो खात न्हाई. तो कावळे हाकलत बसलाय!"

दोन-चार जण हसले.

"सगळेच आपल्या कुत्र्याबद्दल असं सांगतात, बेटा," कौस्तुभ म्हणाला.

मामानं तिला बाजूला घेतलं. "धम्मा, परक्या गावात भांडण नको. हात जोडू आन् आत्ताच निघू. चिलापीला गाडीत टाक. कोण आडवतंय?"

"आन् मग?"

"मग काय? पुढचा समुद्र बघू."

"म्हंजे मुळशीच्या कुत्र्यानं ह्यांचं वाटोळं केलं आन् मुळशीची माणसं पळून गेली, असंच राहणार ना?" धम्मदीपाचा आवाज चढला. "आपल्या गावचे दामूआजोबा काय सांगतात? मान खाली घालायची ती चुकलेल्यानं. आपण कशाला घालायची? मी न्हाई येणार!"

"मी पण न्हाई," भूषण म्हणाला.

"माझी तर चप्पल बी सापडायची हाय," मोनिका म्हणाली.

मामानं तिघांकडे पाहिलं. डोकं खाजवलं. "तुमच्या आया मला सोडणार न्हाईत," तो म्हणाला आणि जीपच्या पायरीवर बसून राहिला.

चिलापीला अंगणात माडाला बांधलं गेलं. गर्दी पांगली. तिघं पडलेल्या वलांडीभोवती फिरायला लागले. मोनिकाला तिची चप्पल मिळाली! भरतीनं आणून सोडलेल्या शेवाळाच्या रेषेत ती उलटी पडली होती. काल गेलेली चप्पल दर्यानं खरंच आणून टाकली होती.

धम्मदीपा मात्र खड्ड्यांकडे बघत होती. ज्यात बांबू रोवले होते ते खड्डे.

"भूषण, खड्डे किती आन् बांबू किती?"

भूषणनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "बांबू कमी हायेत! दोन न्हाईतच!"

"दोरी हाय, बोंबील हायेत, मग बांबू कुठं गेले? कुत्रं बोंबील पळवेल एक वेळ. बांबू कशाला पळवेल?"

त्यांनी विश्रामकाकांना गाठलं. काका होडीच्या फळीला डांबर लावत होते. "लाटेनं नेले असतील," ते मान वर न करता म्हणाले.

"लाट हितपर्यंत आलीच न्हाई, काका. शेवाळाची रेषा खाली हाय!"

"मग कोणी चुलीला नेले असतील. पोरी, मला काम आहे."

परत येताना मोनिका अंगणात थबकली. पांढऱ्या गाडीखाली पाण्याचं थारोळं होतं. बादली शेजारीच पडली होती.

"समुद्रावर सुट्टीला येऊन सकाळी उठल्या उठल्या गाडी कोण धुतं?" ती पुटपुटली.

"ज्याची गाडी रात्रीतून घाण झाली तो!" भूषण म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण वाळूवर चाकांची खूण न्हाई एक बी."

"कशी राहील? पहाटे भरती आली असणार. खालची खूण तिनं पुसली, वरची गर्दीनं तुडवली." धम्मदीपा बोलता बोलता थांबली आणि मोनिकाच्या पायाकडे बघायला लागली. "मोने, तुझी चप्पल!"

"काय झालं तिला?"

"भरतीनं नेली ती भरतीनंच परत आणली. मग पहाटेच्या भरतीनं जे काय नेलं असेल, ते संध्याकाळच्या भरतीला येईल!"

"आन् आलं न्हाई तर?"

"तर तरीत चिलापीबरोबर मी पण बसणार," धम्मदीपा म्हणाली. ती हे गमतीत म्हणत नव्हती.

दुपार उलटली. पाणी पुन्हा वर चढायला लागलं, तशी ती अंगणात गेली आणि चिलापीचा दोर माडावरून सोडला.

"ए पोरी!" विश्रामकाका गरजले. "बांधून ठेव त्याला!"

"दोर माझ्या हातात आहे, काका. संध्याकाळची तर सुटेपर्यंत तो माझाच आहे."

काका काही बोलणार, तेवढ्यात चंद्राबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जाऊ दे, भावजी. पळायचं असतं तर सकाळीच पळाली असती."

तिघं आणि चिलापी पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. लाटा येत होत्या. शेवाळ आलं. एक नारळ आला. एक फुटका बूट आला. मागे खाडीच्या धक्क्यावर संध्याकाळची तर सज्ज होत होती. विश्रामकाका दोनदा तिकडे जाऊन आले.

"काहीच येत न्हाई," भूषण कुरकुरला.

इतक्यात चिलापी ताठ झाला. लाटांच्या पलीकडे काहीतरी लांबट, काळपट वरखाली होत होतं. त्याच्यामागे निळी दोरी तरंगत होती.

पाण्यात तरंगती दोरी! चिलापीसाठी ते बोलावणंच होतं. त्यानं असा हिसका दिला की धम्मदीपा गुडघ्यांवर आली.

"सोडू नको!" मोनिका किंचाळली. "सोडलास तर म्हणतील, पळवला!"

धम्मदीपानं दोर सोडला.

चिलापीनं उडी घेतली. पहिल्या लाटेनं त्याला उलटापालटा करून वाळूवर आणून आपटलं. धरणात लाटा नसतात. तो उठला, शिंकला, रागानं भुंकला आणि पुन्हा घुसला. तपकिरी डोकं दिसायचं, बुडायचं, पुन्हा दिसायचं. धम्मदीपा छातीएवढ्या पाण्यात शिरली तेव्हा मामा धावत आला आणि त्यानं तिचा दंड धरला. "येतोय तो! येतोय बघ!"

चिलापी आला. दातांत निळी दोरी, मागे बांबू, आणि बांबूला दोरीच्या गुंत्यात अडकलेलं काळं जाड काहीतरी. भूषणनं ते उलटं केलं आणि ओरडला, "चटई! गाडीतली चटई!"

मुळशीच्या पोरांना आणखी काही सांगायची गरज नव्हती. बांबू एका टोकाला चेपून फाटला होता. चटईवर चाकानं घासल्याची खूण होती. कोणीतरी पहाटे गाडी किनाऱ्यावर घातली, ती रुतली, पाणी चढायला लागलं. मग चटई चाकाखाली गेली. ती पुरेना, म्हणून वलांडीचे बांबू उपटले!

ते सगळं घेऊन तिघं विश्रामकाकांकडे धावले. काकांनी बांबू ओळखला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पण मग ते मामाकडे वळले.

"काल रुतली होती ती तुमचीच गाडी ना?"

मामानं मान हलवली.

"आमच्या गाडीत चटईच न्हाई, काका!" भूषण म्हणाला. "गोणपाट असतं!"

"म्हणजे होती ती गेली असेल," काका म्हणाले. "त्या साहेबाची म्हणता, तर पुरावा काय? त्याची गाडी बंद, काचा काळ्या. उगाच कोणावर नाव घेऊ नका. खाडीची तर सुटायला अजून थोडा वेळ आहे."

भूषण रडवेला झाला. धम्मदीपा मात्र चटईकडे बघत होती. जाड, मऊ, कडेनं लाल शिवण घातलेली, एका कोपऱ्याला वळण दिलेली. धरणाच्या गाळात अशी एखादी चटई गेली की तिचा मालक गाडीपेक्षा तिच्यासाठीच जास्त हळहळायचा.

"काका, तुमी फक्त अंगणात या," ती म्हणाली. "चंद्राबाईंना पण बोलवा. आन् बांबूबद्दल कोणी काही बोलू नका."

अंगणात वरच्या गॅलरीत कौस्तुभ चहा पीत बसला होता. धम्मदीपानं जीपचं दार धाडकन उघडलं आणि मोठ्यानं म्हणाली, "मामा! ही बघा, मस्त चटई सापडली. आपल्या जीपला घालू!"

मामा क्षणभर गोंधळला. मोनिकानं त्याच्या पायावर पाय दिला.

"हां! घाल की!" मामा म्हणाला.

"बसत न्हाई," भूषण चटई कोंबत ओरडला. "कोपरा मोठा हाय!"

"मग काप! चंद्राबाई, कोयता देता का?"

चंद्राबाईंनी कोयता दिला. भूषणनं चटई दगडावर पसरली आणि कोयता उचलला.

"ए! ए! थांब! कापू नकोस!" गॅलरीत खुर्ची उलटल्याचा आवाज झाला. कौस्तुभ कप हातात धरूनच जिना धडधडत खाली आला. "हात लावू नकोस त्या मॅटला! ऑर्डर देऊन बनवून घेतलंय ते! माझं आहे!"

"तुमचं आहे?" धम्मदीपानं विचारलं. "नक्की?"

"अरे म्हणजे काय! ही लाल शिवण बघ. माझ्याच गाडीचं आहे!"

"मग इकडे कसं आलं, साहेब?"

"असंच... पार्किंगमध्ये पडलं असेल कुठेतरी."

"पार्किंगमध्ये न्हाई. चिलापीनं समुद्रातून ओढून आणलं. सगळ्यांनी बघितलं." तिनं जीपमागून बांबू ओढून पुढे टाकला. "ह्या बांबूसकट. चंद्राबाईंच्या दोरीत गुंडाळलेलं!"

कौस्तुभच्या हातातला कप तिरका झाला आणि चहा त्याच्या पायावर सांडला. तरी त्यानं पाय हलवला नाही.

"कौस्तुभ," गॅलरीतून दिशा म्हणाली, "मी सकाळपासून सांगत होते ना, की सांगून टाक? त्या बिचाऱ्या कुत्र्यावर कशाला ढकललंस?"

"पाणी चढत होतं," कौस्तुभ खाली बघत म्हणाला. "नवी गाडी... मी घाबरलो. मला वाटलं, बांबूच तर आहेत."

"बांबूच तर!" चंद्राबाई पहिल्यांदाच कडाडल्या. "पावसाळाभर काय खाऊ आमी, तुझी चटई?"

विश्रामकाकांनी कौस्तुभला एक शब्दही बोलू दिला नाही. त्यांनी त्याच्या हातात कुदळ दिली. "खड्डे तिथेच आहेत. चला."

उजेड होता तोवर आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, कौस्तुभनं नवे बांबू रोवले, दोऱ्या ताणल्या, वाचलेले बोंबील धुतले आणि जबड्यात जबडा अडकवून एकेक जोडी टांगली. बोंबलाचे दात बोटांना किती लागतात, हे त्याला तेव्हा कळलं. गेलेल्या मालाची भरपाई किती ते चंद्राबाईंनी ठरवलं आणि त्यानं ते मुकाट्यानं मान्य केलं. दिशाही त्याच्या शेजारी बसून जोड्या लावत होती. मामानं तेवढ्यात एकदा संधी साधलीच. "दादा," तो म्हणाला, "हितं असलं चकाचक चालत न्हाई. गोणपाट लागतं!"

पहिल्या संध्याकाळी खाडीची तर चिलापीशिवायच सुटली.

विश्रामकाका तिघांसमोर येऊन उभे राहिले. त्यांनी मिशी चोळली. "मी ऐकायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "मोठा माणूस बोलला म्हणून मी खरं मानलं आणि तू बोललीस तर कामाला लागलो. तुम्ही पळाला नाहीत, हे बरं केलंत. कुठली म्हणालात तुम्ही?"

"मुळशीची," तिघं एकदम म्हणाले.

"कोळीवाड्यात सांगीन मी. मुळशीची गाडी आली, की पहिली जागा तिला."

"पाण्यापासून लांबची द्या, म्हंजे झालं," मोनिका म्हणाली, आणि सगळे हसले. मामाही हसला.

तेवढ्यात चंद्राबाई आल्या. त्यांच्या हातात एक चांगला वाळलेला, अख्खा बोंबील होता. त्यांनी तो चिलापीसमोर ठेवला. चिलापीनं वास घेतला. शेपटी हलली. लाळ वाळूवर टपकली. पण तो जागचा हलला नाही, नुसता वर बघत राहिला.

"खात का नाय हा?" चंद्राबाईंनी धम्मदीपाला विचारलं. "तू सांग ना त्याला!"

"मी सांगून उपयोग न्हाई," धम्मदीपा म्हणाली. "मासा तुमचा आहे."

चंद्राबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग चिलापीकडे. सकाळी त्या सगळ्या बोंबलांमध्ये तो कसा बसला होता, ते बहुधा त्यांना आठवलं असावं. त्या खाली बसल्या आणि त्याच्या ओल्या, खारट डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"घे, बाबा," त्या म्हणाल्या. "घे."